एकशे सत्त्याऐंशीवरून एकशे चौऱ्याऐंशी

३१ जुलै २०२५ला कथासंग्रहाच्या फाइलमध्ये अकरा कथा आणि सेहेचाळीस हजारांच्या आसपास शब्द होते. ३० ऑगस्टला तीनशे प्रतींचे गठ्ठे नाशिकला घरी आले. मधल्या महिन्यात नवं म्हणावं असं लेखन एकच झालं, एका दिवाळी अंकासाठीची साडेतीन हजार शब्दांची कथा. ‘महिन्याभरात किती लिहिलं?’ या प्रश्नाला त्यामुळे देखणं उत्तर नाही. पण स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्याने या महिन्यात शब्द मोजूच नयेत. कोणती गोष्ट कोणत्या तारखेला कायमची बंद झाली, ते मोजावं. मजकुरावर पानं ठरतात, पानांवर कण्याची म्हणजे पुस्तकाच्या पाठीची जाडी, जाडीवर मुखपृष्ठाची फाइल. हा क्रम चुकला की एकाच दुरुस्तीचे दोनदा पैसे जातात.

तारखा सणांनीही आवळल्या होत्या. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टची. तिच्या आधीचे पंधरा दिवस छापखान्यात वर्गणीची पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल आणि पत्रकं यांची रीघ असते. गणपती उठले की दिवाळी अंक मशीनवर चढतात. या दोहोंच्या मधे पुस्तकाला जागा मिळते ती आधी सांगून ठेवली तरच. त्यात ११ ऑगस्टला तिसरा श्रावणी सोमवार. ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी नाशिकहून माणसं रविवारी रात्रीच त्र्यंबकेश्वरकडे निघतात, त्यांत संगणकावर पानं मांडणारे डीटीपीवाले असतात आणि पुस्तकं बांधणारे बाइंडरही. सोमवारी सुट्टी, मंगळवारी पाय दुखतात, म्हणजे दोन दिवस काम होणार नाही असं धरूनच चालावं. मशीनची तारीख २१ ऑगस्ट मिळाली. तिथून मागे मोजत आलं की मजकूर बंद करायची तारीख निघते ८ ऑगस्ट.

पहिला आठवडा गेला तो ‘केले’ आणि ‘केलं’ यांच्यात. कथा सात-आठ वर्षांत लिहिलेल्या. जुन्यांचं निवेदन ‘तिने दार उघडले’ अशा वळणाचं, नव्यांचं ‘दार उघडलं’. संग्रहात दोन्ही वळणं नांदू शकतात, एका परिच्छेदात नाही. आणि ही दुरुस्ती शोधा-आणि-बदला करून होत नाही. ‘दार उघडले’चं ‘उघडलं’ होतं, पण ‘पाहुणे आले’, ‘दिवे लागले’ हे पुल्लिंगी अनेकवचन जसंच्या तसं राहायला हवं. ‘पेढे वाटले’ आणि ‘बरे वाटले’ यांतला फरक संगणकाला कळत नाही. नामांचंही तेच: ‘पाने’ची ‘पानं’ होतात, ‘कपडे’ कपडेच राहतात, ‘त्याचे घर’ बदलतं, ‘त्याचे मित्र’ बदलत नाहीत. प्रत्येक जागी थांबून ठरवावं लागतं. चार हजार शब्दांच्या कथेला पाऊण ते एक तास धरा. जास्त वेगाने केलं की ‘तीन पाहुणं आलं’ अशी ग्रामीण वाक्यं शहरी कथेत उगवतात.

संवादांचा प्रश्न वेगळा. दोन कथा बागलाणातल्या आहेत, तिथली म्हातारी माणसं अहिराणी बोलतात. लिहिण्याच्या ओघात एकच आजी एका पानावर ‘माले’ म्हणते आणि तीन पानांनी ‘मला’. सटाण्याच्या बाजूची माणसं नातवंडांशी बोलताना भाषा बदलतात, हे खरं. पण ती कोणाशी बोलताना बदलते हे लेखकाने ठरवलेलं नसेल, तर वाचकाला ती चूकच दिसते. यावर साधा उपाय केला: प्रत्येक पात्राचे फक्त संवाद वेगळ्या फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवले आणि सलग वाचले. अर्ध्या तासात सगळ्या विसंगती वर येतात. निवेदनासह वाचताना त्या दिसत नाहीत, कारण लक्ष कथेकडे असतं.

सोबत एक शब्दवही ठेवली. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत १९६२चे चौदा आणि १९७२चे चार मिळून अठरा नियम आहेत. ते पाठ असले तरी वहीची गरज संपत नाही, कारण बरेचसे प्रश्न नियमांच्या बाहेरचे असतात. ‘बहीण’चं ‘बहिणीला’ आणि ‘फूल’चं ‘फुलाला’ हे नियमातच आहे. ‘की’ दीर्घ, ‘आणि’ ऱ्हस्व, यावरही वाद नाही. पण आकडे अक्षरात की अंकात, बसस्थानकाचं ‘सिबीएस’ की ‘सीबीएस’, ‘रविवार कारंजा’ सुटा की जोडून, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, मनातले विचार तिरप्या अक्षरात की साध्या? हे एकदा ठरवून लिहिलं नाही तर पहिल्या कथेत एक आणि आठव्या कथेत दुसरं होतं. वही शेवटी चार पानांची झाली. मुद्रितशोधन करणाऱ्याला हस्तलिखिताआधी ती द्यावी.

छाटणी मोठ्याने वाचून केली, फोनवर ध्वनिमुद्रण करून. ऐकताना जीभ जिथे अडखळलेली असते तिथे वाक्य लांब आहे किंवा दोन ‘च’ शेजारी आलेत. प्रत्येकाचे काही लाडके शब्द असतात. या फाइलमध्ये ‘क्षणभर’ एक्केचाळीस वेळा होता. सात ठेवले. ‘अचानक’ सगळे काढले आणि एकाही ठिकाणी काही बिघडलं नाही. ८ तारखेला रात्री शब्द पंचेचाळीस हजारांवर आले आणि फाइलच्या नावापुढे ‘बंद’ लिहिलं. यानंतर फक्त चूक दुरुस्त करायची, वाक्य सुंदर करायचं नाही. हा नियम पाळणं अवघड आहे, आणि पुढे एकदा तो मोडावाही लागला.

दिवाळी अंकाची कथा १० तारखेला गेली. त्या बाबतीत एवढंच लक्षात ठेवायचं की संपादकांना अप्रकाशित कथा हवी असते. संग्रह सप्टेंबरात बाहेर पडणार असेल तर त्यातली कथा ऑक्टोबरच्या अंकाला अप्रकाशित म्हणून देता येत नाही. म्हणून ही बारावी कथा संग्रहाबाहेर ठेवली. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली तेव्हापासून मराठी कथाकाराचं वर्ष या अंकांभोवती फिरतं, पण संग्रहाच्या वेळापत्रकाशी त्याचा मेळ आपणच घालायचा असतो. फाइल युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणि सोबत पीडीएफ, म्हणजे संपादकाकडे अक्षरं बदलली तरी मूळ काय होतं ते दिसतं. स्वीकारल्याचा निरोप १९ तारखेला आला. मानधन अंक निघाल्यावर.

याच आठवड्यात दोन कथांच्या श्राव्य आवृत्तीसाठी एका कंपनीचा करारनामा आला. त्यात मुदतीची जागा कोरी होती आणि ‘भविष्यात निर्माण होणारी सर्व माध्यमं’ असं एक मोघम कलम होतं. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १९प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणजे कोरी जागा लेखकाला फारशी घातक नसते. मोघम भरलेली जागा जास्त घातक असते. तेव्हा मुदत तीन वर्षं, भाषा मराठी, माध्यम फक्त श्राव्य, एवढं लिहून घेतलं आणि ते मोघम कलम खोडायला लावलं. २०१२च्या दुरुस्तीनंतर, करार होताना अस्तित्वात नसलेलं माध्यम त्यात स्पष्ट नाव घेतल्याशिवाय धरलंच जात नाही. तरी खोडलेलं बरं. मानधन छापील किमतीवर की हाती येणाऱ्या रकमेवर, हे पुस्तकाच्या करारात विचारतात तसं इथेही विचारावं. उत्तर बहुतेक ‘हाती येणाऱ्या रकमेवर’ असंच असतं.

आता फाँट. अकरापैकी चार कथा जुन्या, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेल्या होत्या. रूपांतराचं सॉफ्टवेअर पंच्याण्णव टक्के काम बरोबर करतं आणि उरलेलं असं करतं की शुद्धलेखन तपासनीसालाही कळत नाही. सगळ्यात धोक्याचा चंद्रकोरीसारखा ‘र’. ‘दऱ्या’ रूपांतरात ‘दर्या’ होतात. दोन्ही शब्द कोशात आहेत, एक डोंगरातला, दुसरा समुद्राचा. त्र्यंबकच्या डोंगरातल्या कथेत चौदा ठिकाणी दर्या उसळला होता. ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होऊन लग्नाच्या कथेतले स्वयंपाकी एकदम विद्वान झाले. युनिकोडमध्ये हा र दोन प्रकारे टंकला जातो, नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन किंवा साध्या र्‍ पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र एक लिहिला तर दुसरा सापडत नाही. आधी सगळे एका प्रकारात आणावेत, मग शोध घ्यावा. ‘ॲ’चंही तसंच, तोही दोन प्रकारांनी टंकलेला असतो.

त्या मानाने ‘ध्द’ सरळ आहे. जुन्या टंकलेखनात ‘प्रसिध्द’, ‘सुध्दा’ असं उलटं जोडाक्षर पडतं. मराठीत ‘ध्द’ कुठेच लागत नाही, म्हणून सरसकट ‘द्ध’ करून टाकावं. तिसरा प्रकार विसर्गाचा. पुष्कळांनी अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकलेला असतो, ‘तो म्हणालाः’. दिसायला जवळपास सारखाच, पण विसर्ग आधीच्या अक्षराला चिकटतो आणि ओळ तुटताना वेगळा वागतो. ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ असे खरे विसर्ग वगळून बाकीचे बदलावे लागतात, तेही हाताने.

मांडणीसाठी आकार डेमी घेतला, साडेपाच बाय साडेआठ इंच. किती ओळी, किती समास हे डीटीपीवाल्यावर सोडण्याआधी पट्टी घेऊन छापील पुस्तकं मोजावीत. १८४०पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय गावात असताना त्यासाठी पुस्तकं विकत घेण्याचं कारण नाही. दहा-बारा कथासंग्रहांच्या ओळी, समास आणि अक्षराचा आकार वहीत उतरवला तर एका दुपारीत कळतं की वाचताना डोळ्यांना काय बरं वाटतं. ठरलं ते असं: बारा पॉइंट अक्षर, सतरा पॉइंट ओळअंतर, पानावर अठ्ठावीस ओळी. संवादांची पानं धरून सरासरी दोनशे साठ-पासष्ट शब्द बसतात. फाँटची भाषा मराठी निवडली आहे ना तेही बघावं. काही फाँटमध्ये हिंदी आणि मराठी ‘ल’, ‘श’ वेगळे असतात, आणि निवड केली नाही तर हिंदी वळण येतं. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू केली नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिल्या वेलांट्या भलत्या जागी जातात. हे पहिल्याच पानावर तपासायचं असतं. शंभराव्या पानावर लक्षात आलं तर सगळी पानं पुन्हा ओतावी लागतात.

१६ तारखेला पानं आली एकशे सत्त्याऐंशी.

छापखान्यात पानं सोळाच्या फॉर्मात मोजतात, फॉर्म म्हणजे एकत्र छापून दुमडलेली सोळा पानं. अकरा फॉर्म म्हणजे १७६, साडेअकरा म्हणजे १८४, बारा म्हणजे १९२. एकशे सत्त्याऐंशी पानांचं पुस्तक छापायचं तर १९२चे पैसे द्यायचे आणि मागे पाच कोरी पानं ठेवायची, किंवा तीन पानं कमी करून साडेअकरा फॉर्मात बसायचं. तीन पानं म्हणजे चौऱ्याऐंशी ओळी, असा हिशेब करून लोक घाबरतात आणि अक्षर लहान करतात. तसं करायचं कारण नसतं. प्रत्येक कथा नव्या पानावर सुरू होते, त्यामुळे ज्या कथांच्या शेवटच्या पानावर मोजक्याच ओळी आहेत त्याच बघायच्या. तीन कथांच्या शेवटच्या पानांवर अनुक्रमे तीन, पाच आणि चार ओळी होत्या. म्हणजे एकूण बारा ओळी उडवल्या की तीन पानं गेली. (कथा उजव्याच पानावर सुरू करण्याचा हट्ट असेल तर हे गणित मोडतं, डावीकडे कोरी पानं वाढत जातात. तो हट्ट धरला नाही.)

ओळ उडवायची ती परिच्छेदाच्या शेवटी शोधावी. ज्या परिच्छेदाची शेवटची ओळ एका-दोन शब्दांची आहे तिथे वरचे दोन शब्द कमी केले की अख्खी ओळ वर जाते. इथेच ८ तारखेचा नियम मोडला, मुद्दाम. बारा ओळींसाठी सव्वीस शब्द गेले, त्यांतले निम्मे ‘तेव्हा’, ‘मग’, ‘आता’ असे होते. डीटीपीवाल्याने सुचवलेला सोपा उपाय होता अक्षरांमधलं अंतर जरा कमी करण्याचा. रोमन लिपीत तो खपतो. देवनागरीत अंतर कमी केलं की काना शेजारच्या अक्षरावर चढतो, वाढवलं तर शिरोरेषा तुटते. शब्दांमधलं अंतर बदलता येतं, अक्षरांमधलं शून्यावरच ठेवावं. शिवाय मराठीत ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नीट नसते. दोन लांब शब्द शेजारी आले की समान केलेल्या ओळीत भगदाडं पडतात. तिथेही वाक्यच हलवावं लागतं.

मुद्रितं, म्हणजे मांडणीनंतर तपासायची पानं, तीनदा वाचली. पहिलं मूळ फाइलशी ताडून, दोघांनी: एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवायचं. रूपांतरात गळालेली ओळ यातच सापडते, एकट्याने वाचताना मेंदू ती भरून काढतो. दुसरं कागदावर, एकट्याने, शेवटच्या कथेपासून पहिलीकडे, कारण नेहमी शेवटच्या कथांपर्यंत डोळे थकलेले असतात. तिसऱ्यात मजकूर वाचायचाच नाही. फक्त पानांचे आकडे, वरच्या पट्टीतली कथांची नावं, अनुक्रमणिकेतली पानं, आणि आधी सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का एवढंच. दुरुस्ती करताना शेजारी नवी चूक होण्याचं प्रमाण बरंच असतं, म्हणून दुरुस्त ओळीच्या वरची आणि खालची ओळही वाचावी.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, जुलैतच घेतला होता. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज केला की तो विनाशुल्क मिळतो. तो मिळवून देण्याचे पैसे घेणारे असतात, ते कशाचे घेतात हे विचारावं. छापील आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. शीर्षक नोंदवल्यावर बदलायचं म्हटलं की पुन्हा पत्रव्यवहार, तेव्हा शीर्षक ही खरं तर सगळ्यात आधी बंद करायची गोष्ट. क्रमांक श्रेयपानावर आणि मलपृष्ठावर हाताने टंकला जातो, म्हणून तो पडताळावा: तेरा आकड्यांपैकी विषम जागचे तसेच, सम जागचे तिप्पट करून बेरीज घ्यायची, ती दहाने भागली गेली पाहिजे. एका आकड्याची चूक यात हमखास सापडते. शेजारचे दोन आकडे उलटे झाले तर तेही बहुतेकदा सापडतात. अपवाद त्यांच्यात पाचाचा फरक असेल तर, उदाहरणार्थ १ आणि ६. म्हणून बेरीज झाल्यावरही एकदा डोळ्यांनी मिळवून बघायचं.

मुखपृष्ठाची फाइल सगळ्यात शेवटी. चित्रकाराने ते जूनमध्येच करून दिलं होतं, पण कण्याची जाडी तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. गणिताने अंदाज येतो: १८४ पानं म्हणजे ९२ कागद, सत्तर जीएसएम (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) नॅचरल शेडचा एक कागद ढोबळमानाने ०.१ मिलिमीटर. पण कंपनी बदलली की जाडी बदलते. म्हणून छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी शिवून घेतली आणि मोजली, साडेनऊ मिलिमीटर भरली. मग पूर्ण फाइलची रुंदी: १३९.७ दोनदा, अधिक ९.५, अधिक दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर कटिंगसाठी, एकूण २९४.९. आधीच अंदाजाने बारा मिलिमीटर धरलेला कणा तसाच गेला असता तर त्यावरचं नाव मलपृष्ठाकडे सरकलं असतं. बारकोड पांढऱ्या पट्टीवर काळा घ्यावा. चित्रकाराला तो मुखपृष्ठाशी जुळणारा विटकरी हवा होता, पण स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल-विटकरी रेघा दिसत नाहीत. आतल्या मजकुराचा काळा रंगही फक्त काळ्या शाईचाच आहे ना ते पीडीएफमध्ये बघावं. तो चार रंगांचा मिळून झाला असेल तर एकरंगी छपाईत करडा किंवा पुसट उतरू शकतो.

बांधणी शिलाईची घेतली. नुसत्या गोंदाची परफेक्ट बाइंडिंग स्वस्त पडते आणि दुकानातल्या प्रतीला पुरतेही. पण वाचनालयाची किंवा कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’सारख्या योजनेतल्या पेटीतली प्रत अनेक हातांतून जाते, आडवी उघडून पालथी ठेवली जाते, गोंदाची पानं तिथे सुटी होतात. साडेअकरा फॉर्म असतील तर आठ पानांचा अर्धा फॉर्म अगदी शेवटी ठेवू नये, शेवटून दुसरा ठेवतात, म्हणजे तो दोन्ही बाजूंनी धरला जातो.

छपाई ठरल्या तारखेला झाली. मशीनवर पहिला फॉर्म निघाला की तिथे उभं राहून दोन गोष्टी बघाव्यात: कागद उजेडात धरला की पुढच्या-मागच्या पानांच्या ओळी एकमेकींवर बसतात का, आणि शाई सगळीकडे सारखी आहे का. मजकूर वाचत बसायची ही जागा नाही. प्लेट झालेली असते, चूक दिसली तर फक्त मनस्ताप.

बांधणीला मात्र नऊ दिवस लागले, त्यातले दोन गणपतीचे. बाकी दोष पावसाचा. ऑगस्टात नाशिकची हवा दमट. मुखपृष्ठाला एका बाजूने मॅट लॅमिनेशन असतं, ती बाजू ओल शोषत नाही, आतली शोषते आणि फुगते, म्हणून कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. कापल्याबरोबर गठ्ठे बांधून वजनाखाली दोन-तीन दिवस ठेवले तर वळण बरंच जातं. घाई करून त्याच संध्याकाळी उचलले तर प्रती आयुष्यभर तोंड वासून बसतात. गठ्ठे कागदात आणि वरून प्लास्टिकमध्ये, जमिनीपासून वर फळीवर. घेताना प्रत्येक गठ्ठ्यातल्या दोन प्रती पूर्ण चाळाव्यात. एक फॉर्म दोनदा आणि त्यापुढचा गायब, हा नेहमीचा अपघात. शिवणीच्या बाजूला प्रत्येक फॉर्मवर छापलेली काळी खूण ओळीने जिन्यासारखी उतरत जाते. बांधणीच्या आधी त्या खुणा बघितल्या तर चूक एका नजरेत कळते. तीनशेत चार प्रती सदोष निघाल्या, बदलून मिळाल्या.

मग टपाल. १९५४च्या ग्रंथ वितरण कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून तीस दिवसांत स्वखर्चाने चार ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. स्वतः पुस्तक काढलं की प्रकाशक आपणच. एका प्रतीचं वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आत, पाकिटासह तीनशेच्या आत बसतं. टपाल खात्याच्या १ मे २०२५पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’मध्ये तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वर कर, म्हणून पुठ्ठा घालताना वजन काटेकोर बघितलं. पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. सेवा जमिनीवरच्या वाहतुकीची आहे, वेळ लागतो, पण माग काढता येतो. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा गट वेगळा असतो आणि प्रकाशनाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात, त्यासाठीच्या प्रती वेगळ्या काढून ठेवल्या. वितरकाशी बोलणं अजून चालू आहे. चाळीस-पन्नास टक्के सूट आणि विक्रीनंतर पैसे, हे ऐकून छापील किंमत आधीच वाढवून ठेवायला हवी होती असं वाटतं, पण किंमत मलपृष्ठावर छापून झाली आहे.

३१ तारखेला, रविवारी, ‘दुसरी आवृत्ती’ नावाची फाइल उघडली. पहिली नोंद: पान ११४, ओळ ९, ‘दर्यांमधून’. शोधताना ‘पूर्ण शब्द’ या चौकटीत खूण राहून गेली होती, त्यामुळे प्रत्यय लागलेला तो एक दर्या सुटला.